नखाएवढा काळा

बापूकाका,

आज तुमचा अकरावा झाला. मुंबईहून आलेला तुमचा मुलगा अंगणात चटया झटकतोय. काकी मागच्या पडवीत बसून आहेत. आणि मी आपल्या घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे, माझ्या खोलीत, तुमची शेवटची बोट टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले आहे. परवा तेरावं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाई बोट न्यायला येणार.

एवढ्या अवधीत मला या बोटीवरचा नखाएवढा काळा रंग जसा होता तसा परत आणायचा आहे, कारण तो मी घालवला. तुम्हांला न सांगता घालवला. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय उत्तर दिलं, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. ते लिहायला बसले आणि पेनच चालेना, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते. तुम्ही म्हणायचातच, "मास्तरीणबाय, तू मुद्द्यावर येईस्तवर बोट जयगडाला लागते."

पाच वर्षांपूर्वी चिपळूणहून बदली होऊन मी इथे रत्नागिरीत मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले, आणि तुमच्या घराशेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान लावून झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. तुम्ही पडवीत बसून हातभर लांबीच्या एका आगबोटीला रंग देत होतात. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरलेली बोट, टाचण्यांचे कठडे, टूथपेस्टच्या नळीच्या पत्र्याचं धुराडं. इतकं नाजूक काम, आणि त्याच्यावर डब्यातला काळा ऑइलपेंट, फाटकाला फासावा तसा. माझ्याच्याने राहवलं नाही. "काका, ही बोट दिसत नाहीये, भोक दिसतंय," असं मी बोलून गेले. तुम्ही पस्तीस वर्षं आगबोटीवर काढलेला माणूस. त्यातली निम्मी सारंग म्हणून, खलाशांवर हुकूम चालवण्यात गेलेली. तुमच्याशी असं कोणी बोललं नसणार. काकी दचकून बाहेर आल्या. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत आणि ब्रश पुढे केलात.

"मग तूच रंगव."

तो ब्रश मी तेव्हा घेतला नसता तर बरं झालं असतं, असं हे दोन दिवस सारखं वाटतंय. पण घेतला, आणि पाच वर्षं खाली ठेवला नाही.

मी तुम्हांला सांगितलं होतं की खरी बोट काळी असते तेव्हा तिच्यावर आभाळ असतं, खाली पाणी असतं, आणि आपण आणि ती यांच्यामध्ये केवढीतरी हवा असते. हातभर बोटीवर त्यातलं काही आपोआप येत नाही, ते सगळं रंगानेच द्यावं लागतं. म्हणून काळा डब्यातून थेट घ्यायचा नाही. थोडा निळा आणि थोडा मातकट तपकिरी मिसळून त्याला मऊ करायचं. तो अंगभर बसला आणि वाळला, की त्याच रंगात राखाडी घालून एक उजळ रंग करायचा, ब्रशला घ्यायचा, फडक्यावर पुसून पुसून ब्रश जवळजवळ कोरडा करायचा, आणि कडांवरून, पत्र्यांच्या जोडांवरून नुसता फिरवायचा. रंग लावलाय असं दिसता कामा नये, उजेड पडलाय असं दिसलं पाहिजे. खरा गडद काळा फक्त कठड्याच्या खाली, खिडक्यांच्या आत आणि नांगराच्या बिळात. बाकी कुठेही नाही.

हे तुम्ही आठवड्यात शिकलात आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्या चुका काढायला लागलात.

"उजेड डाव्या बाजूनं का गो?"

"चित्रात तसाच धरतात काका. डावीकडून, वरून."

"बारा महिने? तुझा सूर्य काय डावीकडंच उगवतो?"

काकी पदराआड हसल्या होत्या. मी शाळेत इतकी वर्षं मुलींना डावीकडून उजेड धरायला शिकवत होते, का धरायचा ते मला कधी कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही मला बसवून समजावलंत. बोट रत्नागिरीला सकाळची लागली तर ऊन गावाच्या बाजूने येणार, डोंगरावरून, आणि किनाऱ्याकडचं अंग उजळणार. तीच बोट संध्याकाळची असेल तर उजेड समुद्राच्या बाजूला, आणि गावाकडचं अंग तांबूस काळं. "बोट कंच्या बंदरात हाय आनी कंच्या येळेला हाय, ते आधी ठरव. मग ब्रश धर." तेव्हापासून आपण प्रत्येक बोटीची वेळ ठरवायला लागलो. वेळ ठरल्याशिवाय तुम्ही डब्याचं झाकण उघडू द्यायचा नाहीत.

आपला एक वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचे, बोटीचं अंग खाली पाण्याकडे जाईल तसं गडद होत जायला हवं, कारण वरून येणारा उजेड तिथे पोचत नाही. तुम्ही म्हणायचात, "पानी काय आंधळं हाय? पानी उजेड वर फेकतं." मी मान्य केलं नाही. तुम्ही शंभरदा म्हणाला असाल, चल सकाळची बंदरावर, दाखवतंय तुला. माझी सकाळची शाळा, मग वह्या, मग परीक्षा. जाऊ, जाऊ म्हणत राहिले.

माझ्या काळजीच्या स्वभावाची तुम्ही यथेच्छ टिंगल केलीत. रंग वाळेल ना, वाळल्यावर तडकेल ना, बोटीवर मुंग्या चढतील का, असं मी दिवसातून चारदा विचारायचे. "तुला बोटीवर घेतली असती तर तू बोट बंदरातनं सुटूच दिली नसतीस," असं तुम्ही म्हणायचात, आणि मग माझ्या समाधानासाठी बोटीवर ओढणीचं जुनं फडकं घालायचात. मला हसतच घालायचात. पण घालायचात.

आता मुद्द्यावर येते.

यशोदाबाई म्हणजे तुमच्या हाताखालच्या म्हादू खलाशाची बायको, एवढं मला माहीत होतं. म्हादू तापाने गेला त्याला चार वर्षं झाली. तो ज्या बोटीवर होता ती भंगारात निघाल्याचं तुम्हीच बंदरावरून ऐकून आला होतात, आणि त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. पावसाळ्यानंतर यशोदाबाई मिऱ्यावरून चालत आल्या, पडवीच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सारंगानू, ती बोट मला घरात पायजे." तुम्ही दुसऱ्या दिवशी लाकूड काढलंत. या बोटीला मला फारसा हात लावू दिला नाहीत. मिश्रण माझं, हात तुमचा. वेळ सकाळची, उजेड गावाकडून, म्हणजे बोटीच्या डाव्या अंगावर. मी गमतीने म्हणाले होते, शेवटी माझा सूर्य डावीकडेच उगवला.

तुम्ही गेलात त्या आठवड्यातल्या मंगळवारी छातीत जड वाटतंय म्हणून तुम्ही आत आडवे झाला होतात. मी शाळेतून आले, तुम्हांला हाक मारली, काकींनी खुणेने गप्प राहायला सांगितलं. बोट पडवीत स्टुलावर होती. मी वाकून बघितली आणि खरं सांगते, तुमचा अभिमान वाटला. अंगभर सकाळ पसरली होती, पत्रा न् पत्रा वेगळा कळत होता. आणि डाव्या अंगाला, पुढच्या टोकाकडे, नांगराच्या जरा मागे, नखाएवढा तुकडा मुका होता. त्याच्यावर निळं नाही, राखाडी नाही, उजेडाची एक रेघ नाही. नुसता काळा, भोक पडल्यासारखा. जो काळा उघड्या अंगावर कधी वापरायचा नाही असं मी तुम्हांला पहिल्या दिवशी शिकवलं, तोच.

मला वाटलं, काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. तेवढी जागा राहून गेली.

आम्हां चित्रकलेच्या बायांना एक वाईट खोड असते. मुलीच्या कागदावर चूक दिसली की तिच्या हातातला ब्रश काढून घ्यायचा आणि आपणच दुरुस्त करून टाकायचं. मुलगी बिचारी बघत राहते, तिचं चित्र आपलं होऊन जातं, आणि आपल्याला वाटतं आपण शिकवलं. मी ब्रश घेतला. फडक्यावर पुसला. दोन मिनिटांत तो तुकडा बाकीच्या बोटीसारखा उजळला. तुम्हांला सांगायचं मनात होतं. मग वाटलं, सांगितलं तर तुम्हांला डोळ्यांचं लागेल. तसंही विसराल, कळणारही नाही.

कळणार नाही! पस्तीस वर्षं समुद्रावर रात्रंदिवस नजर ठेवलेल्या माणसाला कळणार नाही, असं मला वाटलं.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही बोट उचलून दाराच्या उजेडाला नेलीत. बराच वेळ बघितलंत. चष्मा काढलात, धोतराच्या सोग्याला पुसलात, परत घातलात.

"मास्तरीणबाय, ह्या जागी हात लावलास काय गो?"

"नाही हो काका."

तुमचा आवाज रागाचा असता तर मी लगेच कबूल झाले असते. पण तो भ्यालेला होता. मी कधी तुम्हांला भ्यालेलं ऐकलं नव्हतं, आणि मीच भ्याले. तोंडातून ते 'नाही' निघून गेलं, आणि गेलं ते गेलं.

"मग मीच लावला असनार," तुम्ही म्हणालात. "डोळे गेले माझे, बाय. काय करतंय ते मला समजत नाय."

"छान तर दिसतंय," असं मी म्हणाले. माझी जीभ झडली असती तर बरं. तुम्ही बोट स्टुलावर ठेवलीत, फडकं घातलंत आणि आत गेलात. त्या दिवशी माझी टिंगल केली नाहीत. दुसऱ्या दिवशी कबूल व्हायचं असं मी ठरवलं, पण गुरुवारी शाळेत तपासणी होती, यायला उशीर झाला, तुम्ही झोपला होतात. शुक्रवारी सकाळी काकींनी गडग्यावरून हाक मारली, आणि त्या हाकेतच मला कळलं.

गेल्या अकरा दिवसांतले पहिले नऊ मी नुसती रडत होते. काल, दहाव्याचं उरकून सगळे परतल्यावर, मी काकींना चहा द्यायला गेले. त्यांनी पेला हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"यशोदेचा निरोप आलाय," त्या म्हणाल्या. "तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी येते म्हनाली. बोट तयार हाय ना गो? म्हादूचा तुकडा केलाय ना त्यांनी?"

"कुठला तुकडा, काकी?"

आणि मग काकींनी मला सगळं सांगितलं. त्या वेळी या किनाऱ्याला एकसारख्या तीन बोटी लागायच्या. सगळ्या काळ्या, सगळ्यांची धुराडी सारखी. बोट खोल पाण्यात तासभर उभी राहायची, उतारू पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, ये-जा करायचे, पण म्हादूला उतरायला मिळायचं नाही. यशोदाबाई वर टेकाडावर येऊन उभ्या राहायच्या. एवढ्या लांबून माणूस कुठला ओळखू येणार, कोणती बोट तेही कळायचं नाही. मग एका वर्षी बोट रंगवायला काढली तेव्हा म्हादूने आपल्या वाटणीच्या जागेत एका तुकड्याच्या रंगात रॉकेल जास्त ओतलं. रॉकेल जास्त झालं की रंगाची चकाकी मरते. सकाळचं ऊन पडलं की सगळी बोट चकाकायची, तेवढाच तुकडा गप्प राहायचा. यशोदाबाई तो बघायच्या. आला, आहे, बरा आहे. बोट सुटली की घरी जायच्या.

तुम्ही सारंग. तुमच्या नजरेतून ते सुटणार कसं? पहिल्यांदा तुम्ही म्हादूला सगळ्यांदेखत झापलंत म्हणे. कारण कळल्यावर पुढच्या वर्षी रंगाच्या वेळी तुम्हीच त्याला हळूच विचारलंत, "रॉकेल घेतलंस काय रे?"

बापूकाका, पाच वर्षं तुम्ही मला वादळं सांगितलीत, बोटीवरची भांडणं सांगितलीत, कप्तानाच्या कुत्र्याचं बारसं सांगितलंत. हे का नाही सांगितलंत? काल घरी येऊन मी तुमच्यावर चिडलेसुद्धा. सांगितलं असतंत तर मी हात लावला असता का? मग हळूहळू उमगलं. ते सांगणं तुमचं नव्हतंच. म्हादूचं आणि त्याच्या बायकोचं होतं. तुम्ही ते बोटीवर ठेवलंत आणि गप्प बसलात. आणि मी, सगळ्यांच्या चुका दुरुस्त करणारी, आले.

काल संध्याकाळपासून मी काय काय केलं ते ऐका. टर्पेंटाइनने पुसायचं म्हणून कापूस भिजवला आणि हात आखडला. माझ्या रंगाखाली तुमचा रंग आहे. दोन्ही अजून कच्चे, एक निघाला की दुसराही निघणार. तुमच्या हाताचा शेवटचा रंग मी कापसावर कसा घेऊ? म्हणजे पुसायचं नाही, वरून रंग देऊनच चकाकी घालवायची. पण कशाने? डब्यातला काळा लावून पाहिला लाकडाच्या ढलपीवर. तो चकाकतो. म्हादूसारखं रॉकेल ओतलं, तर एवढ्याशा जागेत तो पातळ होऊन पसरला. खडूची भुकटी घातली, राखाडी पडला. शाईची वडी उगाळली, ती ऑइलपेंटवर बसेना, पाण्यासारखी ओघळली. आज दुपारपर्यंत अठरा ढलप्या झाल्या. तुम्ही असता तर म्हणाला असतात, काळा रंग करायला बसली आनी तोंड काळं करून उठली. खरंच लागलाय तोंडाला.

शेवटी तुमचं रंगाचं फडकं मागून आणलं. काकींनी ते धुतलं नव्हतं. फडक्यावर सगळे माझे राखाडी-निळे डाग, आणि एका कोपऱ्यात, वेगळा, घडीत नीट जपून ठेवलेला एक काळा डाग. हुंगला तर रॉकेलचा वास. बोटाने घासला तर काजळी. कंदिलाच्या काचेची काजळी रॉकेलमध्ये खलून केलेला काळा. म्हणजे तुमचे डोळे चुकले नव्हते. तुम्ही तो वेगळा केला होता, वेगळ्या जागी पुसला होता. मी एकदा फडक्याकडे बघितलं असतं तरी पुरे होतं.

आता काजळी धरलीय. पण तुकडा केवढा होता? नेमका कुठे होता? मी दुरुस्त करताना नीट बघितलं नाही, कारण चूक कोण नीट बघतं? नांगराच्या मागे, एवढं आठवतं. गोल की चौकोनी, आठवत नाही. डोळे मिटले की दर वेळी निराळा दिसतो. आणि यशोदाबाईंना तो पाठ असणार. त्या बोटीकडे बघतील आणि त्यांना म्हादू सापडणार नाही. आणि त्यांना वाटेल, सारंग विसरला. तुम्ही तर स्वतःला आंधळे समजून गेलातच. आता त्याही तुम्हांला विसराळू समजणार. दोन्ही माझ्यामुळे.

---

इथवर लिहून ठेवलं होतं. आज चौदावा. यशोदाबाई येऊन गेल्या.

त्याआधी एक सांगायचं राहिलं. काल सकाळी, तेराव्याची गडबड सुरू व्हायच्या आत, मी एकटी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जाऊन आले. म्हटलं, खरा काळा बघून यावं, हात जरा ठरेल. डांबर फासलेल्या मच्छीमार होड्या ओळीने उभ्या होत्या. ऊन वर आलं, पाण्यावर पडलं, आणि होड्यांच्या पोटावर, अगदी खाली, पाण्यालगत, उजेड हलायला लागला. जिथे मी सगळ्यात गडद करा म्हणत होते तिथे. पाणी उजेड वर फेकतं, बापूकाका. तुमचंच खरं. एक कोळीण विचारत होती, बाई, रडताय कशाला, कोन हरवलंय काय. मी मासे घेतले आणि घरी आले. तुम्ही पाच वर्षं जे दाखवतो म्हणत होतात ते बघायला मला अर्धा तास लागला.

संध्याकाळी मी तुकडा केला. रॉकेलमध्ये खललेली काजळी बोटावर घेऊन, हलक्या हाताने, नांगराच्या मागे, नखाएवढा. मुका झाला. बरोबर आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

सकाळी यशोदाबाई आल्या. तुमच्या फोटोसमोर बसल्या, नमस्कार केला, काकींच्या गळ्यात पडल्या. दोघी रडल्या. मी बोट पाटावर आणून ठेवली आणि दाराशी उभी राहिले. त्यांनी आधी धुराड्याला हात लावला. मग टाचण्यांच्या कठड्यावरून बोट फिरवलं. मग पाट हळूच वळवून डावं अंग आपल्याकडे केलं, आणि मान मागे नेली, लांबून बघतात तशी.

मग पाट जरा दाराच्या उजेडाकडे सरकवला.

"तुकडा हाय," त्या म्हणाल्या. "पन ह्यो तो नाय."

काकी म्हणाल्या, "आजारी व्हते ना गो शेवटाला. डोळे पन..."

आणि इथे, बापूकाका, मला सोपं होतं. काकींनी स्वतःच वाट करून दिली होती. तुमच्या डोळ्यांवर ढकलायचं आणि गप्प राहायचं. कोणालाही कधी कळलं नसतं.

"त्यांचा बरोबर होता," मी म्हणाले. "त्यांनी केलेला मी घालवला. मला चूक वाटली म्हणून त्याच्यावर उजेड रंगवला. त्यांनी मला विचारलं, हात लावलास काय, तर मी नाही म्हणाले. हा आत्ताचा मी केलेला आहे. मला त्याचा आकार आठवत नाही."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसत होती.

"म्हनून गुरुवारी चश्मेवाल्याकडं गेले," त्या म्हणाल्या. "नको जाऊ म्हटलं, दम लागतोय. ऐकलं नाय. चढ चढून बाजारात गेले. चश्मेवाला म्हनाला, नंबर तोच हाय, सारंग, डोळे चांगले हायत तुमचे. ह्यांना पटेना. म्हनाले, नाय, डोळे गेलेत माझे, तू नवा कर. नवा चश्मा सांगून आले."

मी खाली बसले. तो चढ आणि शुक्रवारची सकाळ, यांचं एकमेकांशी काही आहे का, हे काकींना विचारायचं मला धाडस झालं नाही. काकींना ते दिसलं असावं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "छाती तर दिवाळीपासनं दुखत व्हती." एवढंच. माझ्या काळजीला त्यांनी तेवढा आधार दिला. तो मी धरून ठेवणार आहे, आणि तरी मला ठाऊक आहे की हा प्रश्न आता माझ्यापाशीच राहणार.

यशोदाबाई या सगळ्यात बोटीकडेच बघत होत्या. माझ्यावर रागावल्या नाहीत, आणि जाऊ दे असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काजळी हाय काय उरलेली?"

मी धावत जाऊन वाटी आणली. त्यांनी करंगळी वाटीत बुडवली, पदराला हलकी टिपली. कोरडी करून घेतली, बापूकाका! मी पाच वर्षं ज्या गोष्टीचे धडे दिले ती त्यांनी कोणी न शिकवता केली. आणि मग माझ्या तुकड्याला मागच्या बाजूला जोडून त्यांनी करंगळी ओढली. एकदा, जरा तिरकी. वरची कड सरळ, खालची उतरती.

"असा व्हता," त्या म्हणाल्या. "घाईत क्येला ना त्यांनी. खाली रंग ओघळलावता. मी बोलले पन, नीट तरी करायचा. म्हनाले, नीट क्येला असता तर तुला ओळखता आला असता काय?"

आणि त्या हसल्या. चौदा दिवसांत या घरात कोणी हसलं नव्हतं. मग त्या पुन्हा मान मागे नेऊन बघत राहिल्या, टेकाडावरून बघायच्या तशा. काकी आणि मी दोघीही त्यांच्या मागे उभ्या राहून बघत होतो. ऊन दारातून आत आलं होतं. सगळी बोट उजळली होती, तेवढा तुकडा सोडून.

जाताना त्यांनी बोट लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली. मी म्हणाले, रंग ओला आहे, पुसला जाईल. त्या म्हणाल्या, पुसला तर मी परत करीन. आता मला येतंय.

दुपारी मी बाजारात गेले आणि तुमचा नवा चष्मा घेऊन आले. चष्मेवाल्याने दोनदा सांगितलं, बाई, सारंगांना याची गरजच नव्हती. चष्मा काकींनी तुमच्या फोटोपुढे ठेवलाय. मला त्याच्याकडे बघवत नाही, आणि तो तिथून उचलावा असंही वाटत नाही.

तुम्ही बुधवारी दारात उभं राहून विचारलंत. त्याचं उत्तर आता देते. उशिरा देते, आणि तुम्हांला ऐकू जाणार नाही हे जाणून देते.

हो, बापूकाका. त्या जागी मी हात लावला होता. तुमचे डोळे चांगले होते.